जोडत न्हाई

"कोन बोलायलंय? आधी नाव सांगा, नंबर मंग."

फोन उचलला की अक्काचं पहिलं वाक्य हेच. आमच्या तालुक्याच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ती ऑपरेटर होती, मी लाइनमन. तिच्या तोंडात सुपारी, हातात बोर्डावर लाइन जोडायची कॉर्ड. डॉक्टर घरी नसले तर कुठं जेवायला गेलेत हे तिला माहीत असायचं. फोन थेट तिकडं लावून द्यायची. माहेरी गाऱ्हाणं सांगणाऱ्या एका सुनेला तर तिनं मध्येच सावध केलं, "हळू बोल गं, तुजी सासू तितंच हाय. आत्ता खोकली."

विद्यापीठाच्या नामांतराची दंगल पेटली तेव्हा मात्र अक्काची सुपारी सुटली. रोज कुठल्यातरी गावात दलितांची घरं जळाल्याची बातमी यायची. अशाच एका दुपारी मी तिच्या मागंच वायर दुरुस्त करत होतो. एका गावाहून शेजारच्या गावाला फोन होता. जोडून, लागला का हे ती ऐकत होती. अचानक तिचा चेहरा उतरला आणि तिनं कॉर्ड उपसली.

लगेच बोर्डावर पुन्हा त्याच लाइनचा दिवा लागला. तिकडचा माणूस इतका ओरडत होता, की मलाही ऐकू आलं.

"लाइन कशी तुटली? जोड!"

"जोडत न्हाई."

"अगं, मी बोलायलोय. तुजा दादा!"

"वळखलं म्हनूनच. राकेल घिऊन वस्तीवर मानसं बोलवायलास तू."

तिनं त्याची लाइन बंद केली आणि पोलीस ठाण्याला फोन लावला. भावाचं नाव तिनं पूर्ण सांगितलं. पोलिसांची जीप वेळेवर पोचली. दलितांची वस्ती वाचली. त्या भाऊबीजेला भाऊ आला नाही. नंतरही कधी नाही.

पुढं बऱ्याच वर्षांनी, आपोआप फोन जोडणारं यंत्र आलं. बोर्ड बंद, ऑपरेटर रिकाम्या. यंत्र बसवायला आलेला इंजिनीअर हौसेनं म्हणाला, "अक्का, उद्या अशी यंत्रं येतील की बोलणंही समजेल त्यांना. कुणाला जोडायचं, कुणाला अडवायचं, तीच ठरवतील."

"मंग ती कुनाच्या बाजूची असतील?"

दादाची गोष्ट त्यानं माझ्याकडून ऐकली होती. "तुमच्या जागी तुमचा दादा बसला असता तर?" त्यानं विचारलं. "पोलिसांना फोन करणाऱ्या वस्तीतल्या माणसाला त्यानं लाइन दिली असती?"

अक्कानं यंत्राच्या लुकलुकत्या दिव्यांकडं बघितलं. "नसती दिली," ती म्हणाली. "तेबी खरं हाय."

मग "तोडली मी, जोडायची बी मीच," म्हणत तिनं समोरचा फोन ओढला आणि स्वतःच नंबर फिरवला. आम्ही दोघं दाराशी सरकलो.

"दादा, मी बोलायले."

पलीकडून शब्द आला नाही, असं तिनं नंतर सांगितलं. पण फोन ठेवल्याचा आवाजही आला नाही. पुढं निवृत्त होऊन अक्का लेकीकडं गेली, तिकडंच वारली. मला ती आठवते ती अशीच: रिसीव्हर कानाशी घट्ट धरून उभी, आणि पलीकडं कुणीतरी नुसता श्वास घेत असलेला.