उघड्या दाराची दिवाळी

“तुझ्याकडे दिवाळीला किती वाजल्यापासून यायचं?” वरच्या मजल्यावरच्या ताईंनी लिफ्टमध्ये विचारलं, तेव्हा मला वाटलं, चहाला येणार असतील. म्हटलं, “रविवारी या, अकराला.”

ताई मलेशियाच्या, मलय मुसलमान. माझ्या समोरच्या दारातली मैत्रीणही मलेशियाचीच, पण चिनी. आम्ही टोकियोजवळच्या ग्योतोकुमधल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्याच दिवशी दोघी दारात हजर झाल्या होत्या. “आमच्या देशात मलय, चिनी आणि इंडियन शेजारी शेजारी राहतात,” ताई म्हणाल्या होत्या. “इथे आम्ही दोघीच होतो. इंडियनची जागा रिकामी होती.” मी पुण्याची, मलेशिया विमानातूनसुद्धा पाहिलेला नाही. तरी त्या जागेवर माझी परस्पर नेमणूक झाली. ताईंकडे ईदला आणि मैत्रिणीकडे त्यांच्या नववर्षाला मी पोट फुटेस्तोवर जेवले. सणाला ज्याचं त्याचं घर दिवसभर सगळ्यांना उघडं असतं, बोलावणं लागत नाही, ही त्यांच्याकडची रीत. दिवाळीत ती पाळी माझी, हे मात्र माझ्या टाळक्यात शिरलं नव्हतं.

शनिवारी मैत्रिणीने सहज सांगितलं, “माझ्या मुलीने वर्गात सगळ्यांना सांगितलंय.”

तिची मुलगी आणि माझी लेक एकाच वर्गात. माझ्या हातातला सोऱ्या तसाच राहिला. फराळ कमी पडेल ही काळजी नव्हती, त्या बाबतीत मी माझ्या आईची मुलगी आहे. काळजी माझ्या लेकीची होती.

गेल्या वर्षी तिच्या वर्गातली एक मुलगी घरी आली होती. दारातच तिने नाकावर हात धरला आणि म्हणाली, “कुसाई.” म्हणजे घाण वास येतोय. आतही न येता गेली. मी तेव्हा आमटीला फोडणी देत होते. त्या दिवसापासून माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने एकाही मैत्रिणीला घरी आणलं नाही. मी हिंगाची डबी उघडली की ही खिडक्या उघडते, स्वतःच्या खोलीचं दार लावते आणि शाळेत जाताना स्वेटर हुंगून बघते. माझ्याशी बोलते तीही जपानीतच. त्या नाक मुरडणाऱ्या पोरीचा मला इतका राग होता, की मोठी माणसं लहान मुलांवर एवढी चिडतात याची मलाच लाज वाटायची. लाज वाटायची, पण राग जायचा नाही.

वर्गात सांगितल्याचं लेकीला कळलं आणि ती रडलीच. “फोडणी करू नकोस,” एवढंच म्हणाली. नवरा हळूच म्हणाला, “या वेळी विकतचा चिवडा आणू या का?” मी त्याच्याकडे असं पाहिलं, की तो कंदील लावायला बाल्कनीत गेला.

रविवारी सकाळी ताई अकराच्या आधीच आल्या, दोन मुलं आणि लाकडाची एक पाचर घेऊन. इथली दारं लोखंडी, आपोआप लागणारी. ताईंनी पाचर दाराखाली सरकवली आणि म्हणाल्या, “आज बेल वाजवायची नाही.” चिवड्याचा वास जिन्यापर्यंत गेला. लेकीने तिच्या खोलीचं दार लावून घेतलं.

मग मैत्रीण आली. उंबऱ्यातच थांबली आणि तिने छाती भरून श्वास घेतला. मग आणखी एक. बघते तर तिचे डोळे भरलेले.

“आमच्या गल्लीत कोपऱ्यावर इंडियन घर होतं,” ती म्हणाली. “दिवाळीत शाळेतून येताना हा वास आला की मी दप्तरासकट पळत सुटायचे. इतक्या वर्षांत इथे कुठेच आला नाही गं.”

चकली बघून ती ओरडली, “मुरुक्कू!” मी तिला ठणकावून सांगितलं, “मुरुक्कू तुझ्या गल्लीत. ही चकली.” तिने खाल्ली, तिखटाने नाकातून पाणी आलं, आणि दुसरी उचलली. ताई म्हणाल्या, “इंडियन घरातला हा फराळ बरा, इथल्यासारखं कशात डुकराचं काही घातलंय का ते विचारावं लागत नाही.” खोलीचं दार बोटभर उघडलेलं मला दिसलं, पण मी तिकडे पाहिलं नाही.

दुपारपर्यंत दाराबाहेर बुटांची रांग लागली. वर्गातल्या मुली आल्या. आणि शेवटी तीही आली, तिच्या आईबरोबर. आईच्या हातात मिठाईचा नीट बांधलेला डबा होता. पोरगी गेल्या वर्षी थांबली होती तिथेच थांबली आणि तिचा हात वर जायला लागला. माझ्या हातात झारा होता. काय बोलले असते कोण जाणे, बरं बोलले नसते.

तेवढ्यात माझी लेक खोलीतून बाहेर आली. सगळ्यांच्या मधून सरळ दारापर्यंत गेली आणि जपानीत स्वच्छ म्हणाली, “हो, वास येतो. चिवड्याचा आहे. खाणार?”

पोरीचा हात खाली आला. तिने एक दाणा खाल्ला, मग चिमूटभर, मग बूट काढले. मैत्रिणीची मुलगी तिला म्हणाली, “लवकर बस, नाहीतर उरणार नाही.” आणि खरंच उरला नाही. जाताना त्या मुलीच्या आईने मान लववून विचारलं, थोडा घरी नेता येईल का. मी तळाचा खरवडून दिला. जिंकल्यावर हात आखडता कशाला घ्यायचा? सासूबाईंनी पुण्याहून चिवड्याचा मसाला पाठवला होता तेव्हा त्याचं हे होईल असं त्यांनाही वाटलं नसेल. मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच खदाखदा हसले, थोडी रडलेसुद्धा.

संध्याकाळी ताई शेवटच्या निघाल्या. मी वाकून दाराखालची पाचर काढायला लागले, तर मागून आवाज आला, मराठीत.

“राहू दे ना, आई. अजून कुणी येईल.”

मी पाचर पुन्हा आत सरकवली आणि कढई गॅसवर ठेवली.