उगवण तपासलेली स्थळं

"खरं ल्ह्यायला काय खर्चा येतो?" असं म्हणून काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, की समजायचं, आज कुणाचं तरी लग्न मोडलं.

आमच्या जालन्यातले हे शेजारी बियाण्याच्या कंपनीत उगवण तपासायचे. निवृत्त झाले आणि तपासायला काही उरलं नाही. लोक ब्लॉगवर कविता लिहितात, सहली लिहितात. यांनी लग्नाच्या स्थळांची चौकशी लिहायला घेतली. "बियाण्याच्या पिशवीवर उगवण छापावी लागती. मंग नवरदेवावर का न्हाई?"

कुठल्यातरी ओळखीनं स्थळाच्या घरी जायचे, चहा प्यायचे आणि परत येऊन लिहायचे. 'मुलगा नोकरीला, पण आईला विचारल्याशिवाय पाणी पीत नाही.' 'घर मोठं, मन बेताचं.' तीर्थपुरीपर्यंतचे मुलींचे बाप आधी ब्लॉग उघडायचे, मग पत्रिका. आणि आपणही चवीनं वाचायचो की हो! दुसऱ्याचे वाभाडे निघताना कुणाला वाईट वाटतं?

मग त्यांच्याच मुलीला शहागडचं स्थळ आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. मी हात जोडले, "काका, एवढं आपलं एक घर सोडा."

"मंग बाकीच्यांचं ल्ह्यलेलं खोटं ठरंल ना! आपलं काम बराबर पाहिजे."

आणि लिहिलं, 'मुलगी तापट. उलट बोलते. रंग सावळा. चहात साखर जास्त घालते.' अगं बाई, स्वतःच्या लेकीबद्दल! शहागडवाल्यांनी वाचलं आणि नकार कळवला. पोरगी रडली नाही. बापाशी बोलायची मात्र बंद झाली. रोजचा चहा तेवढा समोर आणून आदळायची.

या उन्हाळ्यात काका गेले. ज्यांची स्थळं मोडली होती त्यांनी दारं लावून घेतली. आमच्या घरच्या पुरुषांचेही नेमके त्याच दिवशी गुडघे दुखायला लागले.

दहावं झालं आणि ब्लॉगवर नवीन चौकशी आली. पोरीनं लिहिलेली, पण पद्धत बापाचीच:

'घर स्टेशनच्या मागं. बाप वारला. स्वभावानं खरा होता, म्हणून खांद्याला गल्लीतलं कुणी आलं नाही. गाडी बोलवावी लागली. मुलगी तापट, बिनलग्नाची. चहात साखर जास्त घालते. बाप रोज दुसरा कप मागायचा. तेवढं त्यानं लिहिलं नाही.'