रेघेच्या आत बे, रेघेच्या बाहेर ताई

यशोधराबाई इंगळे यांची आणि माझी पहिली ओळख एका कोंबडीमुळे झाली. अमृतमहोत्सवी ग्रंथात हे लिहिलं तर चालेल का, असं मी संपादक मंडळाला आधी विचारून घेतलं. 'जे घडलं ते लिहा' असं उत्तर आलं, म्हणून लिहिते. बाई तेव्हा जानेफळच्या आमच्या शाळेत क्रीडाशिक्षिका म्हणून नुकत्याच बदलून आल्या होत्या आणि मी सातवीत होते. मधल्या सुट्टीत शिपाईकाकांच्या पिशवीतून कोंबडी निसटली आणि अर्धी शाळा तिच्यामागे धावत सुटली. मी धावले नाही. ती भिंतीकडून वळणार हे मला दिसत होतं. तिथे जाऊन उभी राहिले, आणि ती आली तशी आडवी उडी टाकून धरली. गणवेश चिखलात माखला. समोर नव्या बाई उभ्या होत्या. आता बोलणी बसणार म्हणून मी डोळे मिटले.

"कोंबडीले लागलं तं नाही नं?" बाईंनी आधी हे विचारलं. मग म्हणाल्या, "दाखव बरं हात." माझे दोन्ही तळवे उलटेपालटे करून त्यांनी पाहिले. दुसऱ्या दिवशी मी बांबूच्या दोन खांबांमध्ये उभी होते आणि त्या माझ्या अंगावर चेंडू मारत होत्या. तेव्हापासून माझं आयुष्य गोलात उभं राहण्यात गेलं. पैनगंगा महिला फुटबॉल क्लबची मी पहिली गोलकीपर. आज तिथेच नव्या गोलकीपर मुलींना शिकवते. गोलकीपरला आपल्या संघातल्या सगळ्यांच्या पाठी दिसतात, म्हणून तोंडापेक्षा पाठीवरून माणूस ओळखायची मला सवय आहे. हा लेखही थोडा तसाच होईल, वाचकांनी सांभाळून घ्यावं.

आमच्या घरून अर्थातच विरोध झाला. "पोरगी चड्डी घालून गावातून पयीन तं लोक काय म्हनतीन?" असं वडील म्हणाले, आणि हे बाईंच्या कानावर गेलं. रविवारी बाई थेट आमच्या शेतात आल्या. कापसाची वेचणी चालू होती. त्यांनी पदर खोचला, कमरेला ओटी बांधली आणि आईच्या शेजारची ओळ धरली. संध्याकाळपर्यंत कापूस वेचला, गप्पा मारल्या, आईच्या माहेरची चौकशी केली. फुटबॉल हा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. वडील बिचारे दिवसभर उत्तर तयार ठेवून बसले होते, ते तसंच राहिलं. निघताना बांधावरून बाई म्हणाल्या, "भाऊ, उद्या सकायी पोरीले पाठवजा." वडिलांनी मान हलवली. बाईंनी आयुष्यभर माणसं अशीच वळवली, बोलून फार कमी.

दुसरी गोष्ट लिहिताना थोडी लाज वाटते, पण ती गाळली तर बाई कळायच्या नाहीत. सरावाला बाईंच्या घरून पाण्याचा माठ यायचा. पहिले काही दिवस दोन-तीन मुली आपापल्या घरून पाण्याची बाटली आणत. का आणत, हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि बाईंना तर आमच्याही आधी. बाईंनी ना भाषण दिलं, ना बाटल्यांना बंदी केली. त्यांनी फक्त सराव लांबवला. उन्हात आणखी एक चक्कर, आणखी एक चक्कर, बाटल्या उलट्या करून झटकाव्या लागेपर्यंत. मग माठाशेजारी बसून, लांब दांड्याच्या डावाने पाणी काढत, त्यांनी एकेकीला नावाने हाक मारली. सगळ्या प्यायल्या. दुसऱ्या दिवशी बाटल्या आल्या नाहीत. त्या मुलींपैकी एकीची लेक आज क्लबच्या कुमारी संघात खेळते आणि बाईंच्या घरी हक्काने डबे उघडून बघते.

दहावी झाली की मुलींचा खेळ संपायचा. आमच्या तुकडीचा तो संपू नये म्हणून बाईंनी स्वतःच्या अंगणात क्लब काढला. नाव पैनगंगा ठेवलं. कुणीतरी विचारलं की जिल्ह्यात एवढी नावं असताना नदीचंच का? बाई म्हणाल्या, "उगम आपल्याकडचा हाय तिचा. मंग पुढं जाऊ दे कुठं जाते थे." मेहकर, चिखली, मोताळा, मिळेल त्या बसने मुली येऊ लागल्या. रोहिणखेडची शबाना तेव्हाच आली. तिच्यासारखा डावा पाय मी पुन्हा पाहिला नाही.

मैदानावर आम्ही एकमेकींना सर्रास 'बे' म्हणू लागलो होतो. "दे बे!" "सोड बे!" आमच्याकडे हा शब्द मुलग्यांचा. मुलींच्या तोंडी तो ऐकून कुंपणापलीकडचे म्हातारे कानात बोटं घालायचे. तक्रार बाईंकडे गेली. बाईंनी निकाल दिला, "रेघेच्या आत बे, रेघेच्या बाहेर ताई." चुन्याची रेघ ओलांडली की शबानाची शबानाताई व्हायची. हा नियम आम्ही इतका पाळला की एकदा रेघेवर पाय ठेवून उभ्या असलेल्या मुलीला काय म्हणावं, यावर खरोखर भांडण झालं होतं.

माझं बोट मोडलं तेव्हाचं सांगायलाच हवं. हात प्लास्टरमध्ये होता आणि मी क्लबच्या खोलीवर राहत होते. प्लास्टर निघेपर्यंत बाई रोज सकाळी येऊन माझी वेणी घालून जात. घट्ट, अगदी डोळे ताणले जातील अशी. मी कुरकुर केली की म्हणत, "सैल वेणीनं गोल होते." याला शास्त्रात कुठेही आधार नाही, हे मी नंतर तपासलं आहे. बाईंच्या प्रेमाची ही एक बाजू: ती कधी हळुवार नसते, पण चुकत नाही.

आता मुख्य प्रसंगाकडे येते. एका बियाणे कंपनीने क्लबला आधार द्यायचं ठरवलं आणि आम्ही व्यावसायिक लीगमध्ये उतरलो. खेळायचा पगार मिळतो ही गोष्ट माझ्या वडिलांना दोनदा समजावून सांगावी लागली. पण लीगचा नियम असा की मुख्य प्रशिक्षकाकडे परवाना हवा आणि परवाना नसलेल्याने बाकावर बसायचं नाही. बाईंकडे तो नव्हता. निवृत्त होऊन त्यांना काही वर्षं झाली होती. पुण्याहून निखिल सर नावाचे तरुण प्रशिक्षक आले. बाईंनी शिट्टी, मैदानाच्या खोलीची किल्ली आणि आम्हाला त्यांच्या स्वाधीन केलं आणि स्वतः गोलामागच्या कठड्यापलीकडे जाऊन बसल्या. आम्हाला राग आला होता. बाईंना आला असेल तर तो पाठीवरही दिसला नाही.

निखिल सर मनाने चांगले होते, हे आधीच सांगते. त्यांचं फुटबॉलचं ज्ञानही पक्कं होतं. त्या वर्षी मणिपूरहून मेमचा ही बचावफळीत खेळणारी मुलगी आली होती. वसतिगृह तयार नव्हतं, म्हणून ती बाईंच्या घरी राहत होती. सरांनी विचार केला की हिला आपली वऱ्हाडी कशी कळणार? त्यात कंपनीच्या अधिकाऱ्यांनी त्यांच्याजवळ कुरकुर केली की थेट प्रक्षेपणात 'बे' ऐकू येतं, ते बरं दिसत नाही. सरांनी आदेश काढला, मैदानावर फक्त इंग्रजीत बोलायचं. मागे कुणी आहे, तर 'मॅन ऑन'. वळ, तर 'टर्न'. पहिल्याच सरावात मी "मॅन ऑन!" ओरडले आणि शबाना चेंडू सोडून चारी बाजूंना पाहू लागली. "कुठं हाय मॅन? ही तं बायकाइची लीग हाय नं?"

त्या दिवशी हसलो. नंतर हसू आलं नाही. योग्य शब्द आठवेपर्यंत चेंडू निघून जायचा, म्हणून हळूहळू एकेक मुलगी बोलेनाशी झाली. मीही गप्प झाले. मुका गोलकीपर काही कामाचा नसतो. मागून मला सगळ्यांच्या पाठी दिसत होत्या, आखडलेल्या, एकमेकींपासून तुटलेल्या. आम्ही हरत गेलो आणि तळाला पोचलो. अधिकाऱ्यांनी एके दिवशी स्पष्ट सांगितलं की संघ खालच्या गटात घसरला तर कंपनी हात काढून घेईल आणि क्लब बंद करावा लागेल. मी तिशीला टेकले होते. चेंडू अडवण्याखेरीज मला काही येत नव्हतं, आणि मी एकटीच तशी नव्हते.

आम्ही बाईंकडे गेलो. शबाना रडत होती. "बाई, तुमी वापस या. आमाले नाही जमून राह्यलं."

"तुमचा कोच कोन हाय?"

"निखिल सर."

"मंग माह्याकडे काऊन आल्या?" असं म्हणून बाईंनी आम्हाला चहा दिला आणि घरी पाठवलं. मी त्या दिवशी बाईंवर मनापासून चिडले. वाटलं, यांना आता क्लबचं काही पडलेलं नाही.

दोनच दिवसांनी बाईंनी निखिल सरांना जेवायला बोलावलं आणि सोबतीला मला. सर बाहेरच्या खोलीत बसले. आत मेमचा खाली बसून लसूण सोलत होती.

"झाला का वं लसूण?" बाईंनी चुलीपासून विचारलं.

"झाला नं बाई. अजून सोलू काय?"

"पुरे. ठेचा बेताचाच कर वं, सरायले झोंबन."

"थोडासाक हाय बाई. भाकरीसंगं खातीन सर."

सरांच्या हातातला पाण्याचा पेला तसाच राहिला. ते उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. "मेमचा, तुला ही भाषा समजते?"

"समजते नं सर," मेमचा म्हणाली. "मले इंग्लिशच समजत नाही."

मी तोंडाला ओढणी लावली. बाईंनी ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर तव्यावर उलटली आणि सरांकडे न पाहता म्हणाल्या, "बसा सर, गरम गरम वाढते." त्यावर एक अक्षर जास्त नाही, ना त्या दिवशी, ना नंतर कधी. सरांना कमीपणा येईल असं त्यांनी काहीच होऊ दिलं नाही. सरांनी ठेचा मात्र दोनदा घेतला.

दुसऱ्या दिवशी सर मैदानात आले आणि म्हणाले, "आता तुम्ही मला शिकवा." हे म्हणायला मोठं मन लागतं, म्हणून या ग्रंथात मी त्यांचंही नाव आदराने घेते. अधिकाऱ्यांना काय सांगायचं ते त्यांनी स्वतः सांगितलं. आठवडाभरात बाजूच्या रेघेवरून पुणेरी उच्चारात आरोळी येऊ लागली, "काऊन थांबल्या बे?" त्यातला 'ऊ' ते इतका लांबवत की धावता धावता आम्हाला हसू फुटे. पण पाठी सैल झाल्या होत्या. आम्ही पुन्हा बोलत होतो.

शेवटचा सामना बुलडाण्यात होता. बरोबरी झाली तरी लीगमध्ये टिकत होतो, हरलो की सगळं संपत होतं. एक-एक अशी बरोबरी होती आणि शेवटच्या क्षणांत समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. माझ्यासमोर गर्दी झाली, कोणाला कुठे उभं करावं ते सुचेना. बाई माझ्या मागेच कठड्यापलीकडे होत्या. मी वळले. "बाई, कोनाले ठेवू पुढं?"

"मले काऊन इचारते?" बाई शांतपणे म्हणाल्या. "मी तं रेघेच्या बाहेर. तुले दिसते नं, तू सांग."

मी तोंड फिरवलं आणि घशाच्या शिरा ताणून ओरडले, "मेमचा, मांगं हाय बे! शबाना, खांब धर!" मेमचाने न बघता पाठ लावली, तिच्यामागची खेळाडू अडली, आणि चेंडू सरळ माझ्या हातात आला. मी तो पोटाशी धरून आडवी पडले ती शिट्टी वाजेपर्यंत उठलेच नाही. क्लब राहिला. उठून मागे पाहिलं तर बाई कठड्यावर डोकं टेकवून रडत होत्या. मी त्यांना रडताना पहिल्यांदाच पाहिलं.

बाईंना त्या वेळी निदान सरावाला परत येता आलं असतं. त्या आल्या असत्या तर आम्ही कायम मागे वळून विचारत राहिलो असतो, हे मला आता मुलींना शिकवताना कळतं. त्यांनी आम्हाला चहा पाजून परत पाठवलं, त्याबद्दल मी त्यांची आयुष्यभर ऋणी आहे.

आता बाईंचे गुडघे दुखतात. त्या रिक्षाने मैदानावर येतात, खुर्चीत बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या मुलीचं गाव विचारतात. सत्कार समितीच्या वतीने मी त्यांना विचारायला गेले की बाई, पंचाहत्तरीला तुम्हाला काय हवं? शाल-श्रीफळ नको, असं त्या म्हणणार हे अपेक्षित होतं, तसं त्या म्हणाल्याही.

"रेखे, मले एक सामना पाह्याचा हाय," त्या म्हणाल्या. "आपल्याच क्लबचा. पन मैदानात एकबी पोरगी माह्या वळखीची नको. मी शिकवलेली नको, मी शिकवलेलीनं शिकवलेलीबी नको. त्या दिवशी समजीन, क्लब झाला म्हनून."

बाई, तो सामना बघायला तुम्हाला अजून बरीच वर्षं थांबावं लागेल, कारण आम्ही इतक्यात हटणार नाही. तोवर तुमचे गुडघे नीट राहोत, नजर तेज राहो आणि गोलामागची ती खुर्ची तुमचीच राहो. तो दिवस आला की आम्ही सगळ्या म्हाताऱ्या तुमच्या शेजारी बसू. आणि तुम्ही मध्यंतराच्या आत त्या सगळ्या पोरींची नावं विचारून घ्याल, हे आम्हाला ठाऊक आहे.