केसरबाईचे तीस पुडे

धानोऱ्याजवळ तेंदूपत्त्याच्या फळीवर, म्हणजे पानं विकत घ्यायच्या जागी, अयूब मुन्शी वीस वर्षं बायांचे पुडे तपासत आला होता. एका पुड्यात सत्तर पानं हवीत. तपासायची त्याची रीत ठरलेली. बाईने मांडलेल्या रांगेतले पुढचे तीन पुडे उचलायचे, सोडायचे, मोजायचे. ते कमी भरले की सगळा माल कमी. दुसऱ्यांदा तसं झालं की बाईचं कार्ड बंद. माणूस वाईट नव्हता हो. कंबर दुखायची आणि पुढचे पुडे हाताशी यायचे, एवढंच.

अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात केसरबाईचे तीन पुडे सहासष्ट, सदुसष्ट, सहासष्ट निघाले. आठवड्यात दुसऱ्यांदा.

"बाई, ही चोरी झाली. नाव कापा लागते."

"कापा ना भाऊ. पण चोर काऊन म्हणता? सारा गाव आयकून राह्यला."

अयूबची मुलगी नाहीद तेवढ्यात डबा घेऊन आली. गडचिरोलीला बी.एस्सी.ला होती, विषय संख्याशास्त्र. गप्प बसणं तिला कोणी शिकवलं नव्हतं.

"अब्बा, दरवेळी पुढचेच काऊन?"

"मंग तीनशे मोजू?"

"तीस मोजा. कोणते, ते मी सांगते."

तिनं वहीची पानं फाडली, चिठ्ठ्यांवर एक ते तीनशे आकडे लिहिले आणि ओढणीत हलवून तीस काढल्या.

"मुन्शीची पोरगी लॉटरी काढून राह्यली," एक बाई म्हणाली. सगळ्या हसल्या. केसरबाई हसली नाही.

तीस पुडे मोजून झाले. नाहीदनं वहीत बराच वेळ आकडेमोड केली.

"आधी धरून चालायचं, बाईचे पुडे सत्तरचेच आहेत. मंग पाहायचं, मोजलेलं त्याच्या फार विरुद्ध जाते का. सरासरी आली साडेएकोणसत्तर. हातानं बांधलेले पुडे दोन-दोन पानं मागंपुढं होतेच. त्यात सरासरी अर्धं पान कमी येणं सहज घडते. पाऊण पान कमी असती तर मी तुमच्या बाजूनं बोलली असती."

"म्हणजे बाई खरी?"

"तेही म्हणता येत नाई. कमी बांधते म्हणायले पुरावा नाई, बस."

"इतकं शिकून इतकंच?"

"इतकंच, अब्बा."

"पण मंग पुढचे तीन?"

"पुढचे शेवटी बांधते ना भाऊ," केसरबाई म्हणाली. "फळी बंद होईल म्हणून धावतपळत. साऱ्याच तशा बांधतात."

अयूबचा हात रजिस्टरवर थांबला. वीस वर्षं तो सगळ्यांचे घाईचे पुडेच मोजत आला होता. मागच्या साली सोमारीचं नाव त्यानंच कापलं होतं. ती रडली, तरी त्यानं मान वर केली नव्हती.

तो उठून उभा राहिला.

"बाया हो, मी केसरबाईले चोर म्हणलो. चुकलो."

केसरबाईनं पदरानं तोंड पुसलं. अयूब तिच्याकडे वळला, आवाज एकदम खाली आला.

"बाई, सोमारी आता कुठी राहते?"