वीस दिवसांच्या किल्ल्या

११ डिसेंबर १९९७, गुरुवार. हातात काम होतं ते एक इंग्रजी पत्र टाइप करण्याचं. मजकूर चार ओळींचा: जानेवारीत येणं जमत नाही, माफ करा, माझी जागा दुसऱ्या कुणाला द्या. पत्र जाणार होतं आफ्रिकेत, किलिमांजारो डोंगराच्या पायथ्याला राहणाऱ्या एका वाटाड्याला. आणि ज्यांचं पत्र होतं ते अप्पा समोर स्टुलावर बसून माझ्या चपलांकडं बघत होते.

"बाई, डावी चप्पल जास्त झिजलीय. तुमी डाव्या पायावर भार टाकता."

"पत्राचं बोला, अप्पा."

"पत्राचं काय बोलायचं. तुमी टाका लिहून."

माणूस समोर आला की आधी त्याचे पाय बघायचे, ही त्यांची सवय. तोंड नंतर. तुम्ही कधी शिरूर कासारच्या पेठेत दोरखंड घ्यायला गेला असाल, तर तुमचेही पाय त्यांनी बघितले असणार.

माझा टायपिंगचा क्लास आणि त्यांचं दुकान यांत एकच भिंत. दुकानात दोर, ताडपत्र्या, पोती, कंदील, कोयते. दसरा झाला की ऊसतोडीला निघालेली माणसं तिथं रांग लावायची. अप्पा प्रत्येकाला तेच विचारायचे, "माणसं किती? लेकरं किती? मुक्काम कुठवर?" आणि मग गिऱ्हाइकानं मागितलेलं बाजूला ठेवून त्यांना योग्य वाटेल ते द्यायचे. एकदा एका बाईनं मोठी ताडपत्री उचलली, तर त्यांनी ती हातातून काढून घेतली. "एकटी हायस. मोठी ताडपत्री वारं धरतीय. रातभर तिलाच धरून बसशील." तिला लहान दिली. असा धंदा करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

गाठ त्यांचीच. ट्रक भरला की प्रत्येक दोर एकदा ओढून बघायचे आणि म्हणायचे, "आता जावा." ट्रक जायचे. दिवाळीनंतर पेठ ओस पडायची, ती उन्हाळ्यापर्यंत. अप्पा गल्ल्यावर बसून रस्त्याकडं बघत राहायचे. रस्त्यावर पाय नसायचे.

चार वर्षांपूर्वी ते एक कापलेलं कागदाचं पान घेऊन माझ्याकडं आले. वर्तमानपत्राच्या रविवारच्या पुरवणीत त्या डोंगराचं चित्र होतं. उंची एकोणीस हजार फूट. पण दोर लागत नाही, चालत जाता येतं. वाटाड्या घ्यायचा, ओझ्याला माणसं घ्यायची, सात दिवस.

"कावून जायचंय तुम्हाला?" मी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"तितं उन्हाचा मुलूख हाय, आन् वर बर्फ हाय. आपल्याकडं हिरीत पाणी टिकत न्हाई. त्यांचं वर कसं टिकलं ते बगायचं."

वय पन्नास. लग्न केलेलं नाही. मोठे भाऊ, सगळे त्यांना आण्णा म्हणतात, राजकारणात. दुकान अप्पांवर, घराची आजारपणं, लग्नं, पाहुणे अप्पांवर. मला वाटलं, उन्हाळ्यापर्यंत विसरतील.

विसरले नाहीत. मी पत्रं टाइप करायची, तिकडून साध्या इंग्रजीत उत्तरं यायची, ती मी वाचून दाखवायची. दुसऱ्या कुणी विचारले असतील असे प्रश्न नव्हते ते. एक माणूस डोक्यावर किती ओझं नेतो? परत येताना ओझं कमी होतं, मग माणसं कमी करता का, आणि केली तर त्यांनी काय करायचं? रॉकेल सांडलं तर पिठापासून किती लांब असतं? वाटाड्यानं एका पत्रात लिहिलं, "तुम्ही याआधी किती डोंगर चढलात?" अप्पांनी मला लिहायला सांगितलं, "एकही नाही. लोकांची ओझी बांधतो."

एक प्रश्न त्यांना फार छळत होता. ते लिंगायत. गळ्यातल्या लिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाणी घ्यायचे नाहीत. आणि शिखराची चढाई मध्यरात्री सुरू होते, वाटेत सारखं पाणी प्यावं लागतं. मी म्हटलं, "एक दिवस चालतं." त्यांना ते चालणार नव्हतं. त्यांच्या स्वामींनी तोड काढली. बाराला तारीख बदलते, पूजा करून निघा. मग मी पत्र टाइप केलं: शेवटच्या मुक्कामी एक तांब्या पाणी जास्त लागेल. उत्तर आलं, तिथं पाणी नाही, पण खालून वाहून आणू.

सरावासाठी त्यांनी कपिलधारचं देवस्थान धरलं. पेठ बंद असेल त्या दिवशी पहाटेच्या गाडीनं जायचं आणि पाठीवर वीस किलो बाजरीचं पोतं घेऊन पायऱ्या चढायच्या, उतरायच्या. दहा-दहा वेळा. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं नवस आहे. अप्पांनी सांगितलं नाही की नवस नाही. "सराव म्हनलं तर समदे इचारतेत. नवस म्हनलं की वाट सोडतेत." म्हाताऱ्या बायका पाया पडायला लागल्या. मग हे आण्णांच्या कानावर गेलं. निवडणूक तोंडावर होती. आण्णांनी धरून चाललं की धाकटा आपल्यासाठीच पायऱ्या चढतोय. निवडून आले तेव्हा पेठेत सगळ्यांसमोर अप्पांना पेढा भरवला. "माझ्या भावानं देवाला ओझं वाहिलं," म्हणाले. अप्पा पेढा चावत राहिले.

त्या रात्री घरी त्यांनी खरं सांगितलं. आण्णा रागावले नाहीत. आण्णा कधीच रागवत नसत, ही खरी अडचण होती.

"जा की," म्हणाले. "कोन अडवतंय?"

त्या जानेवारीत पुतणीचं लग्न निघालं. पुढच्या जानेवारीत आण्णांचं ऑपरेशन. "जा की, कोन अडवतंय, मी दवाखान्यात पडून ऱ्हाईन." रागवणाऱ्याशी भांडता येतं. अप्पा दरवर्षी वाटाड्याला पुढचं वर्ष कळवायचे आणि तो दरवर्षी बरं म्हणायचा. पासपोर्ट मात्र त्यांनी करून ठेवला. गल्ल्याखालच्या पेटीत, ताडपत्रीच्या तुकड्यात गुंडाळून.

यंदा काहीच निघालं नाही. लग्न नाही, दुखणं नाही, हंगाम संपलेला. आण्णांनी विचार करून एवढंच विचारलं, "जा की. फक्त वीस दिवस किल्ल्या कुनाच्या हातात द्यायच्या, ते तूच सांग. किल्ली घराबाहेर जात न्हाई, तुला म्हाईत हाय." घरात देण्यासारखं कुणी नव्हतं. पुतणे पुण्याला. आण्णा गल्ल्यावर बसणार नाहीत, ते पुढारी.

अप्पा माझ्याकडं आले. उभ्यानंच विचारलं, "बाई, तुमी बसताव का?"

मी नाही म्हटलं. क्लासच्या मुलांची परीक्षा जवळ आलीय म्हटलं. दुसऱ्याच्या घरची बाई गल्ल्यावर बसली तर पेठ काय बोलेल तेही सांगितलं. दोन्ही कारणं खरी होती. ते म्हणाले, "बराबर हाय," आणि माझ्या पायांकडं न बघता निघून गेले. सोळा वर्षांत पहिल्यांदा.

चार दिवसांनी आले ते नकाराचं पत्र लिहून घ्यायला. वाटाड्यानं कळवलं होतं, या वेळी पंधरा तारखेपर्यंत नक्की सांगा, दरवर्षी जागा धरून ठेवणं जमत नाही. त्यात त्याची चूक नव्हती. मी पत्र टाइप केलं. अप्पांनी सही केली. मी कागद आणायला शुक्रवारी सकाळच्या गाडीनं बीडला जाणार होते, तिथूनच फॅक्स करते म्हटलं.

"त्याला इचारा," दारातून वळून ते म्हणाले, "तांब्याभर पानी वाहून न्यायला जो गडी ठरवला व्हता, त्याचं काम तर जानार न्हाई ना. न्हाई, तेवढं लिहा."

मी ती ओळ घातली. पत्र पाचव्या ओळीवर गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडीला गेले नाही. बीडला जायचं म्हणून क्लासला सुट्टी दिलेलीच होती, साडेसातला दुकानात गेले. आण्णा खुर्चीवर चहा पीत होते, अप्पा दोराची भेंडोळी मांडत होते.

"आण्णा," मी म्हटलं, "सात ते दहा माझा क्लास. दहाला मी दुकान उघडीन, पाचला लावीन. वीस दिवस."

"बाई, किल्ली घराबाहेर जात न्हाई."

"भिंत एकच आहे. घराबाहेर कशी?"

"लोक काय म्हनतील?"

"लोक गावात आहेत कुठं? तुमच्याच ताडपत्र्या घेऊन गेलेत सगळे."

आण्णांनी चहा बशीत ओतला, प्यायले. मग म्हणाले, "मी कुठं अडवतोय."

"मग सांगा त्यांना द्यायला."

आण्णांनी बशी खाली ठेवली. अप्पांकडं बघून नुसती मान डोलावली.

अप्पांनी सदरा वर केला. किल्ल्या कमरेच्या करदोड्याला सुतळीनं बांधलेल्या होत्या. रोज अंघोळीत भिजून, रोज वाळून त्या गाठीचा खडा झाला होता. त्यांनी नखानं ओढली, दातापर्यंत नेता येईना. सगळ्या तालुक्याचे दोर बांधणारा माणूस, स्वतःच्या कमरेची गाठ त्यांना सुटेना. शेवटी सदरा खाली सोडून ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या बाई. पुढच्या साली बगू."

मी क्लासमधून कात्री आणली.

"करदोड्याला लावू नका," आण्णा खुर्चीतून अर्धे उठले. "माणूस गेल्यावर तोडतेत तो."

"माहीत आहे," मी म्हटलं. एका हातानं करदोडा धरला, दुसऱ्या हातानं फक्त सुतळी कापली, आणि किल्ल्या पर्समध्ये टाकून नवीन पत्र टाइप करायला गेले.