मागची बारीक तार

बनसोडे मिस्त्री यंत्राला हात लावायच्या आधी त्याचं ऐकून घेत. हातभर लांबीचा पेचकस होता त्यांच्याकडे. त्याचं पातं कॉम्प्रेसरच्या अंगावर टेकवायचं, लाकडी मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. मिनिटभरानं निकाल मिळे. "पिस्टन बरा हाय. व्हॉल्व्ह कुरकुरतोय, आठ दिस काढंल." तो आठ दिवस काढी. मी नोकरीला लागले तेव्हा मला हा देखावा वाटला होता. वर्षभरात त्यांचा अंदाज एकदाही चुकला नाही, तेव्हा मी मत बदललं.

आमचं दूध शीतकरण केंद्र धाराशिवजवळ होतं. बेंबळी आणि आसपासच्या सोसायट्यांचं दूध तिथं येई. मी फॅट तपासायची, मिस्त्री यंत्रं सांभाळायचे. दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. रानात काही उरलं नव्हतं, घरं म्हशींच्या जिवावर चालली होती. दोन कॉम्प्रेसरपैकी एक दुरुस्तीला सोलापूरला गेला होता आणि परत यायचं नाव घेत नव्हता. उरलेला बंद पडला तर एका उन्हात सगळं दूध नासणार होतं. त्याचा आवाज जरा बदलला की मी हातातलं काम टाकून मिस्त्रींना हाक मारायची.

त्याच उन्हाळ्यात माझा धाकटा भाऊ पुण्याच्या होस्टेलवरून सुट्टीला आला आणि जाताना टेपरेकॉर्डर व एक कॅसेट माझ्याकडे विसरून गेला. इंग्लंडातल्या चार पोरांचा बँड होता. दुपारी दूध नसतं, म्हणून मी तो टेप केंद्रावर आणला आणि कॅसेट लावली. नुसती खरखर, करवतीसारखी. मला वाटलं, टेप बिघडला. भावाची वस्तू, म्हणून घाबरत मिस्त्रींकडे दिला.

त्यांनी रीतसर पेचकस लावला. अख्खं गाणं ऐकलं.

"बाई, बिघाड न्हाय. मुद्दाम केलंय."

"मुद्दाम कोण असं करेल?"

"त्येच तर. आवाज फाडलाय, पर मोजून फाडलाय. एक जाड तार हाय, गिरणीवानी. तिच्या बगलेला दुसरी. अन् ढोल थांबला की मागनं एक बारीक तार येती, भिंतीपल्याड कुनी कण्हल्यावानी. ऐका."

मी कान दिला. बारीक तार खरंच होती. ते म्हणाले, "भावाला शिकायला पाठीवलंय का भैरं व्हायला?" आणि कॅसेट उलटी करून दुसरी बाजू लावली.

पुढं रोज दुपारी डबा खाऊन झाला की ते तेवढंच गाणं मागायचे. टेपजवळ स्टुलावर बसायचे आणि बारीक तार आली की उजव्या हाताचं बोट वर करायचे. मी म्हटलं, आता पाठ झालं असेल तुम्हाला. ते म्हणाले, "पाठ हाय. पर ऐकू आल्याबिगर बोट उचलायचं न्हाय. यंत्र खोटं बोलत न्हाय, आपुन का बोलावं?" त्यांच्यामुळे मीही ऐकू लागले. आवडलं असं म्हणत नाही, पण भावानं कॅसेट पाठव म्हणून दोन पत्रं लिहिली, ती मी कानाआड केली.

मृग कोरडा गेला. मिस्त्री एकेक गोष्ट दोनदा विचारू लागले. टेपचा आवाज वाढवायला सांगू लागले. मी मशीनच्या गोंगाटावर ढकललं. मग एका दुपारी ढोल थांबला, बारीक तार आली आणि बोट उठलं नाही. गाणं संपलं. मिस्त्री वाट बघत बसून राहिले.

मी कॅसेट काढून ठेवली आणि रजिस्टर लिहायला घेतलं. त्यांच्या निवृत्तीला दोन वर्षं होती, मुलगी डी.एड.ला होती. बोलावं तर त्यांची नोकरी जाते, गप्प राहावं तर वीस गावांचं दूध ज्या कानावर सोपवलं आहे तो कान बंद. असे तीन दिवस गेले. कॉम्प्रेसरच्या खोलीजवळून जाताना पाय आपोआप थांबत. मला त्यातलं काही कळत नव्हतं, म्हणून भीती जास्त.

चौथ्या दिवशी गाणं संपल्यावर त्यांनीच विचारलं, "बाई, खरं सांगा. ती येऊन गेली का?"

"गेली."

"कधीपास्नं?"

"तीन दिवस झाले."

ते रागावतील असं वाटलं होतं. ते उठले, पेचकस माझ्या हातात दिला आणि कॉम्प्रेसरकडे घेऊन गेले. "लावा कानाला. धडधड सोडून द्या, ती मला बी ऐकू येती. तिच्या मागं काय हाय?"

आधी नुसती धडधड. मग, गाण्यात शोधायची सवय झाली होती म्हणून असेल, तिच्या मागं एक बारीक किरकिर सापडली. मी सांगितलं, दोनदा. त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं नाही, सरळ खटका पाडला. मॅनेजरांना फोन करून संध्याकाळचं दूध परस्पर सोलापूरला पाठवलं. उघडून बघितलं तर बेअरिंगवर ओरखडे होते. मिस्त्री म्हणाले, "उद्याचा दिस न्हाय काढला असता."

त्याच दुपारी त्यांनी स्वतः अर्ज लिहिला, कान गेल्याचा. मॅनेजर बरे होते. त्यांनी मिस्त्रींना कॅन उतरवून घ्यायच्या कामावर ठेवलं. नवा मिस्त्री येईपर्यंत दर दोन तासांनी मी पेचकस लावून सांगायची आणि ते पान्हा फिरवायचे. माझं चुकलं की म्हणायचे, "फॅट बघतानी असंच करता का?"

त्यांच्या निवृत्तीनंतर काही वर्षांनी मी बेंबळीला त्यांच्या घरी भेटायला गेले. आता समोर बसून मोठ्यानं बोललं तरच कळत होतं. मी टेप नेला होता. गाणं लावलं. ते स्टुलावर बसले, हात मांडीवर. ढोल थांबला. बोट उठलं नाही.

"आता आली असंल," ते म्हणाले. "तुमाला आली का?"

"आली."

"मग झालं," म्हणाले, आणि लेकीला चहा टाकायला सांगितलं.