दादाजींची न भरणारी जखम

कोराडीच्या वीज केंद्रात कोळसा वाहणाऱ्या पट्ट्यावर एकतीस वर्षं राबलेल्या दादाजी मेश्रामांना बसून राहणं जमत नव्हतं. निवृत्तीनंतर वस्तीतल्या विहाराची आवारभिंत बांधायचं काम त्यांनी अंगावर घेतलं. अर्धी उभी झाली आणि फावडं नडगीवर लागलं. तीन महिने जखम भरेना. साखर नॉर्मल. पाय बधिर. पाय जातो की काय, या भीतीनं झोप उडाली.

दवाखान्यात डॉक्टर मिनल रिपोर्ट पाहून म्हणाल्या, “होमोसिस्टीन बावन्न. पंधराच्या आत हवं. हे रक्तात वाढलं की नसांचं आतलं अस्तर दुखावतं. पांढऱ्या पेशी, म्हणजे शरीराचे पहारेकरी, तिथंच धावत राहतात. सूज उतरत नाही. खरी गरज असते तिथलं काम बिघडतं.”

“म्हंजे मजुरांची गँग भलत्याच जागी लावली,” दादाजी पाय हलवत म्हणाले.

“तसंच समजा. जखम यानंच अडली, असं छातीठोक नाही सांगता येत. हे वाढतं ते बी-बारा जीवनसत्त्व कमी पडल्यानं. पण तुमचं बी-बारा इतकं कमी का? मटण, अंडी खाता ना?”

“खातो ना! दर आयतवारी.”

सोबत आलेल्या त्यांच्या बायकोनं, इंदूबाईंनी, हातातली पिशवी खाली ठेवली. “कोणतं मटन खाता जी? चार वर्सं झाले, आपल्या ताटातलं मले वाढून राहिले. दूध पन नाही, निस्ता काळा चहा!”

 दादाजींनी वर्षावासाच्या, म्हणजे पावसाळ्यातल्या व्रताच्या, तीन महिन्यांपुरतंच मटण-दूध सोडलं होतं. निभलं, म्हणून पुढं चालवलं. बोलून दाखवलेले कष्ट फुकट जातात, असं त्यांचं मत. म्हणून डॉक्टरांनाही सांगितलं नाही.

“आणि मी कारण शोधायला तुमच्या पोटात दुर्बीण घालायला निघाले होते!” डॉक्टर म्हणाल्या. “आता बी-बाराच्या सुया घ्या.”

“सुईत मटन तं नसते न, मॅडम?”

“नसतं.”

“मंग ठोका.”

सुया सुरू झाल्या. पण दादाजी रोज सकाळी पट्टी सोडून जखम पाहत.

“पेरलेलं बी रोज उकरून पायता का जी?” इंदूबाई कडाडल्या.

डॉक्टरांनीही दटावलं. आठ दिवस पट्टीच्या गाठीला हात लावायचा नाही. दादाजी खाटेवर बसत, उठत, दारापर्यंत जात. पाचव्या दिवशी हात गाठीवर गेलाच. तो त्यांनी मांडीखाली दाबून धरला. एवढं जड काम कोळशाच्या पट्ट्यावरही कधी पडलं नव्हतं.

नवव्या दिवशी डॉक्टरांनी पट्टी उघडली. कडा गुलाबी झाल्या होत्या. मध्ये अजून ओलं होतं.

“महिना लागेल. कदाचित जास्तही.”

दादाजींनी जखमेकडे एकदा पाहिलं. मग त्यांनीच पाय पुढं केला. “बांधा, मॅडम.”